पाच वेळा वाळवायचं

एप्रिल लागला की आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत गच्चीच्या किल्लीवरून कुरबुरी सुरू होतात. कोणाच्या मिरच्यांचा ठसका कोणाच्या पापडांना लागला, कोणी टाकीकडची सावलीची बाजू दुसऱ्याच्या गळ्यात मारली, कोणाची चादर उडून कुरडयांवर पडली. हल्ली वाळवणं घालणारी घरं चारच उरली आहेत, भांडणं मात्र पूर्वीइतकीच आहेत. यंदा किल्ली माझ्याकडे आहे. मी वेळापत्रक करून जिन्यात चिकटवलं आणि गच्चीच्या लोखंडी दाराला मागे भिंतीत आकडा ठोकून घेतला. दार आकड्यात अडकवल्याशिवाय कोणी पलीकडे पाऊल टाकायचं नाही. नव्या भाडेकरू बाई म्हणाल्या, "मावशी, एवढं काय त्या दाराचं?" मी डावा हात पुढे केला आणि मूठ मिटली. बाकीची बोटं मिटली, तर्जनी वाटेत थांबली. बाईंनी मुकाट्याने आकडा लावला.

ही त्या दाराची कामगिरी. खरं तर निम्मीच. उरलेली निम्मी एका शब्दाची.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. मी मिरजेची, लग्न होऊन बडोद्याला आल्याला तीन वर्षं झालेली. घरात आम्ही तिघं: माझा नवरा श्रीकांत, सासूबाई म्हणजे माई, आणि मी. माईंचं माहेर आणि सासर दोन्ही जुन्या संस्थानच्या फौजेतलं. फौज जाऊन जमाना झाला होता, तरी माई भाजी निवडायलासुद्धा पाठ टेकवून बसत नसत. श्रीकांत गोरव्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि बरोबर की चूक ते सांगायचं. मी सतार वाजवत होते. मिरजेहून येताना कपड्यांच्या दोन बॅगा आणि एक सतार एवढंच आणलं होतं, आणि गाडीत मांडीवर होती ती सतार.

त्या मार्चमध्ये रेडिओच्या चाचणीचं पत्र आलं होतं. तारीख श्रावणातली. आदल्या खेपेला माझं लग्न आडवं आलं होतं, त्यामुळे ही चाचणी मी जवळजवळ चार वर्षं उशिरा देणार होते. अर्जात रागांची यादी द्यावी लागे आणि त्यातला कोणता वाजवायचा ते आत बसलेले परीक्षक ऐन वेळी सांगत. यादी मी फेब्रुवारीत पाठवून दिली होती. त्यात बागेश्री होता, कारण बागेश्री माझ्या हातात बसलेला होता. एका पडद्यावर बोट ठेवून तार बाजूला ओढत नेली की पुढचे चार सूर न तुटता मिळत. ही मींड माझी खात्रीची चीज होती. चाचणीत पास झाले तर मी रेडिओची कलावंत, नाहीतर घरी तीन मुलींना सारेगम शिकवणारी सून. मधलं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी साबुदाण्याच्या पापड्यांचं पातेलं घेऊन गच्चीत चालले होते. वाऱ्याला चुलीसारखी धग होती. उजव्या हातात पातेलं, डावा हात दाराच्या चौकटीवर. दार वाऱ्याने आलं. आवाज आधी ऐकला, दुखलं नंतर. पातेलं मी खाली नीट ठेवलं, हे माई पुढे बरीच वर्षं सगळ्यांना सांगत.

तर्जनीचं हाड मधल्या पेराच्या सांध्यापाशी मोडलं होतं आणि वर कातडी फाटलेली. अकोट्याला पुलापलीकडे हाडांचे एक डॉक्टर होते, त्यांनी टाके घातले, आत स्पंज लावलेली पत्र्याची पट्टी बांधली आणि तीन आठवडे पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं. माणूस शांत, सभ्य. आडनाव वाचून विचारलं, तुम्ही मराठी का. हो म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला. आपण लहानपणी दांडिया बाजारात मराठी शेजाऱ्यांत वाढलो, असं त्यांनी मराठीत सांगितलं आणि पुढे माझ्याशी मराठीतच बोलत राहिले.

ते तीन आठवडे मी घरात कैदेत होते, आणि पहारा अत्यंत प्रेमळ होता. डाव्या हाताचा ब्रेक दाबता येत नाही म्हणून मोपेड बंद. मांजलपूरला तेव्हा बस येई ती मनाला येईल तेव्हा. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, दुपारी छत खाली उतरल्यासारखं वाटे. माई माझी वेणी घालत, ती इतकी घट्ट की भुवया ताणल्या जात. मला ताट वाढून समोर आणत आणि मी जेवून होईपर्यंत समोर बसत. काही करायला उठले की म्हणत, "तू बस, तुझं बोट." आठवड्याभरात माझं नावच 'तुझं बोट' झालं. समोरच्या हंसाबेन रोज चौकशीला येत आणि त्यांच्या मामेबहिणीचं बोट कसं कायमचं वाकडं राहिलं ते रोज नव्याने सांगत. त्याच दिवसांत सोसायटीत केबल आली. पंधरा-वीस चॅनेलं एकदम दिसू लागली आणि प्रत्येकावर कोणी ना कोणी वाजवत होतं.

पट्टी निघाली तेव्हा बोट दुसऱ्याचं असावं तसं दिसलं. बारीक, फिकट, सुरकुतलेलं. सतार वाजवणाऱ्याच्या या बोटाच्या टोकावर तारेने घट्टा पडतो, आणि घट्ट्यावर खाच. वयाच्या नवव्या वर्षापासून मी ती खाच बाळगून होते. ती कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून पट्टीच्या स्पंजलाच चिकटून आली होती. नर्सने स्पंज बादलीत टाकला. मी बादलीत वाकून बघितलं.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाड जुळल्याचं सांगितलं आणि मग त्यांच्या मराठीत पुढचं सांगितलं.

"आता रोज बोट वाळवायचं. दिवसातून पाच वार. हळूहळू, जोर नाही करायचा. थोडं दुखेल, पण वाळवत राहायचं. नाहीतर बगडेल."

श्रीकांत खाली औषधांच्या दुकानात होता. मी मान डोलावली. वाळवायचं म्हणजे वाळवायचं. यात न समजण्यासारखं काय आहे? तीन आठवडे पाणी टाळायला सांगणारा माणूस आता कोरडं ठेवायला सांगतोय. पाच वेळा हे जरा जास्त वाटलं, पण बडोद्याचा घाम मी ओळखून होते.

घरी येऊन मी माईंना सांगितलं की डॉक्टरांनी बोट रोज पाच वेळा वाळवायला सांगितलंय. मराठी घर, मराठी शब्द. माईंनी तो मराठीतच ऐकला आणि तयारीला लागल्या. जुन्या मलमलच्या साडीचे मऊ चौकोनी तुकडे फाडले, ते वेगळ्या डब्यात ठेवले. बोट टिपायचं, पावडर लावायची, पुन्हा टिपायचं. सकाळी आणि उतरत्या दुपारी गच्चीत कोवळ्या उन्हात धरायचं. हळूहळू, जोर न करता. थोडं दुखे, कारण नवी कातडी उन्हाने चुरचुरे. वाकवण्याच्या फंदात मी पडत नव्हते. जोर करायचा नाही हे मला पक्कं आठवत होतं.

गच्चीत हंसाबेनच्या छुंद्याची बरणी तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवलेली असे. तिच्या शेजारी मी बोट वर करून बसे, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखी. हंसाबेननी एकदा विचारलंही की बोटाला ऊन कशाला. त्यांना समजावं म्हणून मी गुजरातीत नीट भाषांतर करून सांगितलं, "डॉक्टरे सुकववानुं कह्युं छे." त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात तर बरोबरच असेल. त्या एका क्षणी मी मूळ शब्द आहे तसा त्यांच्यासमोर उच्चारला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला माझ्या गुजरातीचा अभिमान होता.

अभिमान म्हणजे काय, तर नव्या नवरीची फजिती मागे पडली होती. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात माईंनी सांगितलं होतं, "बारी लाव, धूळ येते." मी अर्धा तास विचार करत होते की बारी म्हणजे काय आणि ती कशाला लावायची. बारी म्हणजे खिडकी. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, दुकानातून पावशेर शिंग आण, आणि मी दचकले. शिंग म्हणजे शेंगदाणे. इथल्या जुन्या मराठी घरांत हे शब्द इतके मुरलेत की बोलणाऱ्याला ते परके आहेत हे ठाऊकच नसतं. माझ्या विद्यार्थिनी आज असंच बोलतात आणि मीही. पण परका दिसणारा शब्द आला की माणूस थांबतो, विचारतो. आपल्यासारखा दिसणारा शब्द आला तर कोण थांबणार?

अठरा दिवसांनी पुन्हा दाखवायला गेले. यावेळी श्रीकांतही आत आला. डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, "हं, वाळवून दाखवा."

मी पर्समधून मलमलचा तुकडा काढला, बोट टिपलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

ते वाट बघत राहिले. मग पुन्हा म्हणाले, वाळवून दाखवा ना. मी म्हटलं, दाखवलं की. रोज वाळवलं का, असं त्यांनी विचारलं. रोज, मी म्हटलं, पाच वेळा, कधी कधी सहा. मग त्यांनी माझं बोट आपल्या हातात घेतलं आणि सांध्यापाशी दाबलं. ते जरासं हललं आणि खिळ्यासारखं थांबलं. मला डोळ्यांपुढे पांढरं दिसलं. त्यांनी विचारलं की एवढे दिवस नक्की काय केलं, आणि मी साडीचे तुकडे, पावडर, गच्ची, सगळं सांगितलं. मी बरणीपर्यंत आले तेव्हा नर्सने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला आधी कळलं. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरांनी स्वतःची तर्जनी हवेत धरली आणि दुमडली. सरळ केली, पुन्हा दुमडली.

"आ," ते म्हणाले. "आने वाळवुं कहेवाय."

गुजरातीत वाळवणं म्हणजे वाकवणं. गुजराती क्रियापदाला त्यांनी मराठी प्रत्यय लावला होता, माझ्या सोयीसाठी. नंतर ते बराच वेळ माफी मागत राहिले, आणि ती माफी गुजरातीत होती. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याशी मराठीत एक शब्द काढला नाही.

लोक ही गोष्ट ऐकून हसतात. मीही सांगताना हसवते. बरणीपाशी थांबायचं, मग नर्स. पण त्या संध्याकाळी पुलावरून स्कूटरवर मागे बसून येताना मला ओरडायचं होतं आणि कोणावर ओरडायचं ते सापडत नव्हतं. डॉक्टरांवर? त्यांनी माझ्या भाषेत बोलायचा प्रयत्न केला म्हणून? माईंवर? त्यांनी नेसायची साडी फाडली म्हणून? दोष कोणाचा ते ठरलं की माणसाला निदान चिडता येतं. मला ती सोय नव्हती. जे काही झालं होतं ते सगळं चांगुलपणाने आणि आज्ञाधारकपणाने झालं होतं, आणि ज्या तीन आठवड्यांत सांधा मोकळा व्हायचा ते संपले होते. खाली नदीला पाण्याची एक ओळ उरली होती. श्रीकांत एकदाच बोलला. म्हणाला, चाचणीला किती दिवस आहेत. मी म्हटलं, सत्तर.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून कोनमापक घेऊन आला. शाळेतला नव्हे; पोलादी, सरकत्या पट्टीचा, ज्याने तो सुट्या भागांचे कोन तपासत असे. माझं बोट टेबलावर धरलं, पट्टी लावली आणि म्हणाला, तीस. सतारीच्या तारेवर बोट धरून ओढायला निदान सत्तर तरी हवेत, हे मी त्याला तारेवर दाखवलं. त्याने कॅलेंडरच्या पानावर तारखेखाली पेन्सिलीने तीस लिहिलं. त्याने धीर वगैरे दिला नाही. त्याचा मला फार आधार वाटला.

व्यायाम करून घ्यायला दक्षाबेन होत्या. आडव्या बांध्याच्या, हसऱ्या, अजिबात दया नसलेल्या. गरम मेणात हात बुडवायला लावायच्या आणि मग बोट धरून दाबायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रडवुं होय तो रडी लो, बेन. हुं तो दबावीश ज." मी रडले नाही, दातांत पदर धरला. घरी गरम पाण्यात मीठ घालून बोट वाकवायचं, आणि दिवसातून दोनदा कणकेचा गोळा मुठीत दाबायचा. कणीक माई भिजवून देत. त्या अपराधी झाल्या होत्या, पण ते त्यांच्या बोलण्यात उलटं उतरे. म्हणत, फौजेतल्या घरात सतारवाली सून आणली, आता ना सतार वाजते ना पोळी लाटली जाते. माझ्या मुठीतून निघालेल्या कणकेच्या पोळ्या श्रीकांत खाई. म्हणे, आजच्या पोळीला जोर जास्त आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पंचेचाळीस. मग बावन्न. मग पंचावन्न, आणि तिथे अकरा दिवस पंचावन्नच. ते अकरा दिवस मला त्या सबंध उन्हाळ्याहून लांब वाटले. आकाश भरून येई आणि तसंच राही, कपडे वाळत नसत, भिंतींना ओल यायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पांघरुणाखाली बोट वाकवून बघे. ते आदल्या रात्रीपेक्षाही ताठ झालेलं असे. आपलाच अवयव आपल्या विरुद्ध कुठल्यातरी शपथेला जागतोय असं वाटे. मी दाबत होते, ते दाद देत नव्हतं, आणि आम्ही दोघं एकाच हाताला जोडलेले होतो. त्याच्यापासून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नव्हतं.

डावा हात चालेना म्हणून मी उजव्याचा रियाज धरला. नखी घालून मोकळ्या तारेवर नुसतं दा रा दा रा, तासभर. सूर एकच, वरखाली काही नाही. खालच्या मजल्यावरून निरोप आला की पंप बिघडलाय का. माई म्हणाल्या, एखादं गाणं वाजव, नाहीतर सरळ थाळी वाजव. पण दार लोटून घेत त्या, म्हणजे मला कोणी अडवायला नको.

जुलैत साठ ओलांडले आणि तारेवर बोट टेकवता आलं. नव्या कातडीला तार सुरीसारखी लागे. मींड मात्र निघेना. तर्जनी दोन सुरांपर्यंत तार ओढे आणि सुटे. तेव्हा मी तर्जनीला तारेवर नुसती उभी ठेवून मधल्या बोटाने ओढायला लागले. हे काही नवीन नाही, बरेच जण दोन्ही बोटं वापरतात; पण माझा हात एका बोटाचा होता आणि वीस वर्षांची सवय तीन आठवड्यांत बदलायची होती. मधल्या बोटाने ओढलेला सूर जागेवर जाई, पण त्याचा आवाज मला माझा वाटत नसे.

चाचणीच्या दिवशी श्रीकांतने दुपारनंतरची अर्धी रजा काढली होती. सकाळी त्याने मोजलं: अडुसष्ट. कॅलेंडरवर लिहिलं आणि कोनमापक खिशात घालून कामाला घेऊन गेला. तो परत करायचा होता.

आतली खोली थंडगार, भिंतींना भोकं भोकं असलेले तक्ते. परीक्षक दिसत नव्हते, फक्त वर टांगलेला स्पीकर. त्यातून आवाज आला, "बागेश्री."

यादीत अकरा राग होते.

मी आलाप सुरू केला. पहिली मींड मधल्या बोटाने घेतली, बरी गेली. दुसरीही. मग हात तापला, किंवा मला विसर पडला, आणि खात्रीच्या जागी तर्जनी आपण होऊन पुढे झाली. नऊ वर्षांची असल्यापासून ती तिथे पुढे होत आली होती. तार दोन सूर गेली, तिसऱ्याच्या अलीकडे बोट अडलं आणि सूर तिथेच लोंबकळला. ना खाली, ना वर. तो तिथेच होता आणि मी त्याच्याबरोबर. किती वेळ ते मला माहीत नाही. ऐकणाऱ्याला श्वासाएवढाच वाटला असेल. मग मी तार सोडली आणि पुढचं सगळं वाजवलं. गत नीट झाली. शेवटचा जलद 'झाला'ही स्वच्छ निघाला. उजवा हात त्या उन्हाळ्याने चांगलाच तयार केला होता.

पत्र भाद्रपदात आलं. छापील मजकूर, रिकाम्या जागी माझं नाव. श्रीकांत कामावर होता. मी पत्र वाचून टेबलावर ठेवलं. माईंनी ते उचललं, इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी शेवटपर्यंत नजर फिरवली.

काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाही म्हणतात. पुन्हा कधी देता येईल, असं विचारलं. मी म्हटलं, बराच काळ नाही. वर्षभर तरी नाही. आणि वर्षाने हे बोट असंच असेल.

माईंनी पत्राची घडी घातली, होती त्याच घड्यांवर, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग बस."

आमच्या घरात या एका शब्दाचे दोन अर्थ होते आणि माई दोन्ही सारख्याच वापरत. आता पुरे, हा एक. रियाजाला बस, हा दुसरा. चेहऱ्यावरून काही कळेना. त्या आत निघून गेल्या आणि कणकेचा डबा उघडल्याचा आवाज आला. मागे जाऊन विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं.

मी विचारलं नाही. सतारीवरची खोळ काढली आणि बसले.